नक्षी छापताना तिच्यामागच्या रेघाही छापाव्यात

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या बालपुरवणीत गेले काही आठवडे मुलांना रंग भरण्यासाठी मोरोक्कोतील भौमितिक नक्ष्या छापल्या जात आहेत. नेहमीची फुले, फुलपाखरे आणि कार्टूनमधील पात्रे बाजूला ठेवून उत्तर आफ्रिकेतील एका कसबी परंपरेची ओळख आपल्याकडच्या मुलांना करून द्यावी, असे ज्यांना सुचले त्यांचे मी मनापासून अभिनंदन करतो. माझा नातूही दर रविवारी ती चौकट कापून वहीत चिकटवतो. मात्र या उपक्रमाबाबत एक विनंती करावीशी वाटते, आणि ती नीट समजावून सांगायची तर थोडा विस्तार करावा लागेल. जागेअभावी पत्र कापावे लागले, तर माझ्याविषयीचा मजकूर अवश्य कापावा. आकृती काढण्याची कृती मात्र पूर्ण छापावी.

मी एकतीस वर्षे कोल्हापुरातील एका शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांसाठी मुलांकडून कर्तव्यभूमिती करून घेताना शेकडो वेळा फळ्यावर अष्टकोन काढला, पण त्या अष्टकोनातून पुढे काय काय उगवू शकते हे मला निवृत्तीनंतर कळले. मुलगी नोकरीनिमित्त मोरोक्कोत, कासाब्लांकाला असताना आम्ही दोघे तिच्याकडे राहायला गेलो होतो. त्या मुक्कामात फेझ शहरातील एका सुताराच्या दुकानात, जो देवदाराच्या फळ्यांवर नक्षी आखून कोरत असे, मला सलग अठरा दिवस सकाळी बसायला मिळाले. त्याला माझी भाषा येत नव्हती आणि मला त्याची. मुलगी पहिले दोन दिवस दुभाषी म्हणून आली, पुढे तिची गरज पडली नाही, कारण कर्कटक कुठे टेकवले, किती उघडले आणि कोणत्या दोन बिंदूंना पट्टी लावली, हे पाहून समजत होते. परत आल्यापासून रोज तास-दोन तास मी ह्या नक्ष्या हाताने काढतो आहे. त्या अनुभवाच्या बळावर हे लिहितो.

फेझमधील बू इनानिया मदरसा मरीनी घराण्याचा सुलतान अबू इनान फारिस याने १३५० ते १३५५ या काळात बांधला. त्याच्या चौकात उभे राहिले की भिंतीचे तीन थर दिसतात. खाली माणसाच्या उंचीपर्यंत रंगीत मातीच्या तुकड्यांचे जडावकाम, ज्याला तिकडे झेलीज म्हणतात; त्याच्यावर कोरलेला चुना-गिलावा; आणि सर्वांत वर देवदाराचे कोरीव लाकूड. साहित्य तीन प्रकारचे, हत्यारे वेगळी, काम करणारे हातही वेगळे. पण तिन्ही थरांतील चांदण्या एकाच पद्धतीने आखलेल्या आहेत. त्याच शहरातील अत्तारीन मदरसा (१३२३ ते १३२५) याहूनही जुना आहे, तर मराकेशचा बेन युसूफ मदरसा १५६४-६५ चा, म्हणजे दोनशे वर्षांनी नंतरचा, आणि तिथेही हाच क्रम, हीच आखणी आढळते. या परंपरेत सरळ रेषांच्या आखीव कामाला तस्तीर म्हणतात आणि पानाफुलांच्या वळणदार कामाला तव्रीक. आपल्या पुरवणीत छापले जाते ते सगळे तस्तीर.

झेलीजचे काम पाहिले की आखणीला एवढे महत्त्व का, ते ध्यानात येते. मातीच्या फरश्या थापून, उन्हात वाळवून, भाजून त्यांच्यावर झिलई चढवतात. हिरवा रंग तांब्यापासून येतो, निळा कोबाल्टपासून. मग भाजलेल्या फरशीवर आकार आखून कारागीर जड, धारदार हातोडीने एकेक तुकडा तोडतो आणि त्याची मागची कड तिरपी घासतो, म्हणजे दर्शनी बाजूला दोन तुकडे एकमेकांना चिकटून बसतात. जमिनीवर ते जुळवताना रंगीत बाजू खाली असते आणि जुळवणाऱ्याला फक्त मातकट पाठ दिसते. सगळा पट जुळून त्याच्या पाठीवर गिलावा ओतून तो उभा करेपर्यंत रंग कोणालाही दिसत नाहीत. अशा कामात एखादा कोन अर्ध्या अंशाने जरी चुकला, तरी ती चूक पटाच्या टोकापर्यंत पसरत जाते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात २०११ साली जो मोरोक्कन चौक खुला झाला, त्यासाठीही फेझच्या कारागिरांनाच नेले होते, आणि त्यांनी तो याच रीतीने हाताने घडवला.

आता माझ्या विनंतीकडे वळतो. आपल्या चौकटीत छापलेली असते ती पूर्ण झालेली नक्षी. ज्या वर्तुळांवर, कर्णांवर आणि छेदनबिंदूंवर ती उभी राहिली, त्यांचा मागमूस त्यात नसतो. मूल रंग भरते, सुंदर भरते, पण ती चांदणी कागदावर आली कशी हे त्याला कळत नाही, आणि कोऱ्या कागदावर पुन्हा काढ म्हटले तर ते काढू शकत नाही. आपल्याकडे रांगोळीच्या बाबतीत असे कधीच घडत नाही. दिवाळीच्या आधी आपलेच दैनिक रांगोळ्या छापते तेव्हा ठिपके छापते, आणि खाली ‘१५ ते ८’ असेही लिहिते. ठिपके पुसून नुसती रांगोळी छापली, तर घरोघरच्या आयाबहिणी विचारतील की ही घालायची कशी. मोरोक्कोच्या नक्षीतही ठिपके आहेत. ते दिसत नाहीत, कारण ते कर्कटकाने मिळवायचे असतात आणि काम संपल्यावर पुसायचे असतात. ते दाखवावेत, एवढेच माझे मागणे आहे. ते किती सोपे आहेत हे दिसावे म्हणून सर्वांत मूळ आकृतीची कृती इथे देतो. त्यासाठी कर्कटक, पट्टी आणि टोकदार पेन्सिल एवढेच लागते. पट्टीवरच्या खुणांची गरज नाही, आणि कोनमापक पेटीतून काढूच नये.

कागदाच्या मधोमध एक आडवी रेघ ओढावी, तिच्यावर मध्यबिंदू घ्यावा आणि कर्कटक साधारण पाच सेंटिमीटर उघडून वर्तुळ काढावे. यापुढे शेवटपर्यंत कर्कटकाचे माप बदलायचे नाही. वर्तुळ आडव्या रेघेला डावीकडे आणि उजवीकडे छेदते; त्या दोन बिंदूंवर टोक ठेवून त्याच मापाने वर्तुळावर वर आणि खाली खुणा कराव्यात. शाळेत भूमितीच्या तासाला आपण सर्वांनी जे सहा पाकळ्यांचे फूल काढलेले असते, त्याचेच हे सहा बिंदू. आता वरच्या दोन खुणांवर आळीपाळीने टोक ठेवून वर्तुळाच्या बाहेर, वरच्या अंगाला कंस काढले की ते एकमेकांना छेदतात. त्या छेदातून वर्तुळाच्या मध्यातून जाणारी रेघ थेट खालपर्यंत ओढली की ती आडव्या रेघेला काटकोनात असते. इथपर्यंत आलेल्या मुलाने गुण्या न वापरता काटकोन मिळवलेला असतो, आणि मला विचाराल तर पहिल्या दिवशी एवढेच पुरे आहे.

आता वर्तुळावर चार मुख्य बिंदू झाले: वर, खाली, डावा, उजवा. या चारही बिंदूंवर टोक ठेवून त्याच मापाने मोठे कंस काढावेत. शेजारशेजारचे कंस वर्तुळाच्या मध्यात तर मिळतातच, शिवाय वर्तुळाबाहेर चार ठिकाणी मिळतात. हे चार छेद म्हणजे वर्तुळाला बाहेरून बरोबर बिलगणाऱ्या चौरसाचे कोपरे. ते जोडून चौरस पुरा करावा आणि समोरासमोरचे कोपरे जोडून दोन कर्ण ओढावेत. कर्ण वर्तुळाला आणखी चार ठिकाणी छेदतात, आणि वर्तुळाचे आठ सारखे भाग होतात. आता आधीचे चार बिंदू जोडून एक चौरस काढावा, तो टोकावर उभा दिसेल. नंतरचे चार जोडून दुसरा काढावा, तो पायावर बसलेला दिसेल. हे दोन चौरस एकमेकांत गुंतून आठ टोकांची जी चांदणी तयार होते तिला खातम म्हणतात, म्हणजे मोहोर किंवा मुद्रा. मोरोक्कोच्या बहुतेक नक्षीचे बीज हेच आहे. त्या आठ बिंदूंतील प्रत्येक बिंदू त्याच्यापासून तिसऱ्या बिंदूला जोडला तर अधिक अणकुचीदार चांदणी मिळते, आणि ती पेन्सिल न उचलता एका दमात काढता येते.

पण खरी गंमत एका चांदणीत नसते. हाच चौरस शेजारी आणि खाली पुन्हा काढून चार चौरस एकत्र आणले, की चार चांदण्यांची टोके एकमेकांना टेकतात आणि त्यांच्या मधोमध, जिथे चौघांचे कोपरे मिळतात तिथे, अधिक चिन्हासारखा, टोकदार बाहूंचा एक नवा आकार आपोआप उमटतो. तो कोणी काढलेला नसतो. दुकानातल्या तिसऱ्या दिवशी माझ्या कागदावर तो पहिल्यांदा दिसला तेव्हा मी कारागिराकडे पाहिले आणि त्याने काही न बोलता बोटाने त्याच आकाराभोवती गिरवले. अंगणात शेजारी शेजारी रांगोळ्या घालताना मधल्या जागेत जे आकार होतात ते ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा आनंद वेगळा सांगायला नको. रंग भरणाऱ्या मुलाला मात्र तो अधिक चिन्हाचा आकार चांदणीइतकाच आधीपासून छापलेला दिसतो, आणि त्याचे जन्मणे त्याच्या हातून निसटते.

कोनमापक नको असे मी का म्हणतो, तेही सांगायला हवे, कारण अनेक पालकांना तो सोपा मार्ग वाटेल. आठ टोकांसाठी प्रत्येकी ४५ अंश मोजायचे, खुणा करायच्या, की झाले. परंतु शाळेच्या कोनमापकावर अर्ध्या अंशाची चूक सहज होते, आणि एकावरून दुसरी अशी आठ वेळा तीच चूक झाली तर शेवटची खूण पहिलीपासून चार अंश दूर पडते. कर्कटकाने काढताना प्रत्येक बिंदू दोन रेघांच्या छेदातून मिळतो आणि आकृती स्वतःच चूक दाखवून देते: कर्ण वर्तुळाच्या मध्यातून गेला नाही, तर मागे काहीतरी ढळले आहे हे तिथल्या तिथे कळते. मोजपट्टीचेही तसेच. पाच सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात बसणाऱ्या चौरसाची बाजू ७.०७१… सेंटिमीटर येते, आणि ते अंक कधी संपत नाहीत, कारण त्यात दोनाचे वर्गमूळ दडलेले आहे. कोणत्याही पट्टीवर ती लांबी नेमकी सापडणार नाही. कर्कटक आणि बिनखुणांची पट्टी मात्र ती न मोजता काढून देतात. हे सांगताना मला आपल्या शुल्बसूत्रांची आठवण होते. यज्ञवेदी दोरी आणि खुंट्यांनी आखताना बौधायनाने चौरसाच्या कर्णावर उभारलेला चौरस मूळ चौरसाच्या दुप्पट होतो असे सांगितले, आणि दोनाच्या वर्गमुळाची ५७७/४०८ इतकी जवळची किंमतही दिली. दोरी आणि खुंटी म्हणजे जमिनीवरचे कर्कटकच.

एकाच मापाच्या कर्कटकाने काम करण्याची हौस नवी नाही. दहाव्या शतकात बगदादमध्ये राहिलेला गणिती अबुल वफा बुझजानी याने खास कारागिरांसाठी भूमितीच्या कृती लिहिल्या, आणि कर्कटकाचे माप न बदलता करायच्या रचनाही त्याने मांडल्या आहेत. कागदावर काम करणाऱ्या नवशिक्याला यामागचे व्यावहारिक कारण आठवडाभरात कळते. कर्कटक प्रत्येक वेळी नव्याने लावले की केसभर फरक पडतोच. त्याच्या शिशाला पॉलिश पेपरवर घासून छिन्नीसारखी धार द्यावी, बोथट झाले की लगेच पुन्हा घासावे, आणि एका बिंदूवर वारंवार टोक टेकवायचे असेल तर कागदाखाली जाड पुठ्ठा ठेवावा, नाहीतर भोक मोठे होऊन मध्य सरकतो. माझ्या पहिल्या पंधरा-वीस आकृत्या याच एका कारणाने वाया गेल्या.

खातम जमली की पुढची पायरी रेघेला रुंदी देण्याची. तिथे त्या सुताराने मला जो शब्द शिकवला तो होता ‘हस्बा’. नक्षीतील पट्ट्यांची रुंदी हेच माप धरायचे, आणि चौकटीच्या एका बाजूत ते माप किती वेळा मावले पाहिजे हे आधी ठरवायचे. त्या संख्येवर कोणती नक्षी बसणार ते अवलंबून असते. संख्या वाढली की चांदणीभोवती अधिक आकारांना जागा होते, आणि आठ टोकांच्या शेजारी सोळा, चोवीस टोकांच्या चांदण्या येऊ लागतात. सगळ्या पटात पट्टी एकाच रुंदीची राहते, कुठेही जाड-बारीक होत नाही. हस्बा ज्या अरबी धातूपासून आला त्याच धातूपासून आपला ‘हिशेब’ आला आहे, हे मला नंतर कळले तेव्हा फार बरे वाटले. पुढे पाहू लागलो तर अशी नाती सापडतच गेली. तुकडे तोडायच्या हातोडीला तिकडे मेनकाश म्हणतात, ते आपल्या ‘नक्षी’ आणि ‘नकाशा’ या शब्दांच्या घरचे. उस्तादाला मअल्लेम म्हणतात, आणि ज्या धातूतून तो शब्द निघाला त्याच धातूतून आमच्या कोल्हापूरच्या पेठापेठांतली ‘तालीम’ आली. दोन्ही ठिकाणी शिकणे अंगमेहनतीनेच होते.

पट्ट्या आखून झाल्या की त्या विणायच्या असतात. बाज विणताना सुंभ जसा एका ठिकाणी वरून जातो आणि पुढच्या ठिकाणी खालून, तशीच इथे प्रत्येक पट्टी एका छेदावर वरून आणि लगेच पुढच्या छेदावर खालून न्यायची. कुठूनही सुरुवात करावी, आळीपाळी मोडली नाही तर सगळा पट बरोबर विणला जातो. दोन ‘वरून’ लागोपाठ आले, तर मागे एखादा छेद सुटलेला असतो. तो शोधायला हवा. दहा-अकरा वर्षांची मुले हे मोठ्यांपेक्षा लवकर उचलतात असा माझा अनुभव आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी सहा-सात मुलांना ह्या नक्ष्या शिकवतो, आणि आकृती नीट विणली गेल्यावर त्यांना रंग भरायची घाई उरत नाही. त्यांना ती पुन्हा काढायची असते, मोठ्या कागदावर.

संगणकावर ह्या नक्ष्या क्षणात होतात, मग हाताने कशाला, असे मला पुष्कळदा विचारले जाते. संगणकाला माझा विरोध नाही. परंतु हाताने काढताना प्रत्येक रेघेचे कारण मनात राहते, आणि कारण माहीत असले की नक्षी बदलता येते. चित्रकार एशर १९२२ साली ग्रॅनडाच्या अलहंब्रा राजवाड्यात गेला होता. १९३६ मध्ये तो पुन्हा गेला, तेव्हा त्याने पत्नीसह तिथल्या फरशीकामाच्या नक्ष्या हाताने उतरवून घेतल्या. स्पेनमधील ते काम मोरोक्कोच्या कामाचे सख्खे भावंड आहे. एकमेकांत बसणाऱ्या पक्ष्यामाशांची त्याची पुढची चित्रे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे हाताने उतरवणे कुठवर गेले ते ठाऊक आहे.

आणि छापील आकृतीवर सगळा भार टाकला की काय होते, त्याचे एक उदाहरण आपल्याच पुरवणीत आहे. तीन आठवड्यांपूर्वीची नक्षी रकान्यात बसवण्यासाठी आडवी ताणली गेली होती. मी मोजले, तिची रुंदी उंचीपेक्षा दीड सेंटिमीटरने जास्त भरली. त्यामुळे वर्तुळाचे अंडे झाले होते, चांदणीची आडवी टोके लांब आणि उभी टोके आखूड पडली होती, आणि दोन चौरसांतील एकही चौरस उरला नव्हता. नातवाने पट्टी लावून पाहिली आणि आपलेच काहीतरी चुकते आहे असे समजून वही मिटली. हे मुद्दाम कोणी केले नाही हे मी जाणतो. पान लावणाऱ्यांची घाई मलाही समजते. पण मुलाला मूळ वर्तुळ माहीत असते, तर चूक कुठे आहे ते त्याचे त्यालाच कळले असते.

म्हणून विनंती अशी: दर रविवारी नवी नक्षी देण्याऐवजी एकच नक्षी चार रविवारी द्यावी. पहिल्या रविवारी नुसते वर्तुळ, आडवी-उभी रेघ आणि बारीक तुटक कंस छापावेत, शेजारी तितकीच कोरी जागा सोडावी. दुसऱ्या रविवारी चौरस, कर्ण आणि आठ बिंदू. तिसऱ्या रविवारी खातम आणि चार चौरसांची जुळणी. आणि चौथ्या रविवारी विणलेली पट्टी व रंग. आकृती छापताना तिची रुंदी आणि उंची सारखी आहे ना, एवढे एकदा पट्टीने तपासावे. चारही भागांच्या आकृत्या काळ्या शाईत काढून देण्याची माझी तयारी आहे, त्याचा मोबदला नको. पहिली काढून या पत्रासोबत पाठवत आहे; तिच्यातील कंस मी पुसलेले नाहीत.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक
कोल्हापूर